दुखऱ्या पायाने रेस संपवली म्हणून टाळ्या वाजवू नका

आज सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि फोन उघडला तर आमच्या रनिंग ग्रुपवर एक फोटो. आमच्यातलाच एक, वय ५१, काल हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) संपवून गळ्यात मेडल घालून उभा. डाव्या पायाला पोटरीपासून टाचेपर्यंत निळी टेप, आणि ती टाच जमिनीला टेकलेली नाहीये. मी फोटो मोठा करून बघितला, टाच उचललेलीच. खाली त्यानेच लिहिलंय की दोन महिने दुखत होतं, सकाळी गोळी घेतली, पळालो, पण सोडलं नाही. आणि त्याच्याखाली ऐंशी-नव्वद मेसेज. शेर. वाघ. सलाम. एकाने लिहिलंय, दुखतंय म्हणजे सुधारतंय.

राग त्याचा नाही आला हो. त्या ऐंशी जणांचा आला, आणि अजून गेलेला नाही म्हणून लिहायला बसलेय.

कारण ती उचललेली टाच माझी होती. तीन वर्षांपूर्वी, आषाढात. दिवाळीनंतरच्या हाफची तयारी चालली होती, माझी दुसरी हाफ, वय ४५. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा-बारा पावलं भिंतीला धरून टाकायची, टाचेच्या वर मागच्या बाजूला कोणीतरी दोरी आवळून बांधल्यासारखं व्हायचं. आमची झोपायची खोली माडीवर. जिना सरळ उतरताच यायचा नाही, कठडा धरून आडवी उतरायचे, एकेक पायरी, खेकड्यासारखी. मग आंघोळ-बिंघोळ होईपर्यंत पाय मोकळा व्हायचा आणि मी स्वतःला सांगायचे, बघ, गेलं की! आठ आठवडे हे चाललं. कोणाला सांगितलं नाही, कारण ग्रुपवर रोजचे किलोमीटर टाकायचं चॅलेंज होतं आणि माझा नंबर बायकांत दुसरा होता.

तर त्या रविवारी पावसाने जरा उघडीप दिली होती. पहाटे गोळी घेतली आणि निघाले. आमच्या गोव्यातल्या फर्मागुडीहून खाली म्हार्दोळ, मंगेशी, तिथून थोडं पुढे जाऊन परत. जाताना उताराला काही वाटलं नाही. परत येताना म्हार्दोळ सोडून फर्मागुडीचा चढ लागला आणि अर्ध्या चढावर पाय टेकला तो टेकवेचना. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले. बूट ओले, अंगाला घाम, हवेत इतकी आर्द्रता की घाम सुकतच नाही, आणि माझ्याकडे फोन नाही. एक पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून येत होता, पों पों करत, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली पावाची टोपली. थांबला. 'कितें जालें गो बाय?' मला बोलताच येईना. त्याने स्वतःच्या फोनवरून नवऱ्याला लावून दिलं, प्लास्टिक उचलून एक गरम उंडा (गोल पाव) काढून हातात दिला आणि नवरा येईपर्यंत तिथेच सायकल धरून उभा राहिला. त्याची गिऱ्हाइकं खोळंबली असणार. ज्यांना माझे किलोमीटर दिसायचे त्या ग्रुपमधल्या एकालाही माझी टाच दिसली नव्हती.

आता ती गोळी. पेनकिलर घेतली म्हणून दुखणं जात नाही, दुखण्याची बातमी फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही. पाय तिकडे ओरडतच असतो. आणि आपल्याकडच्या दमट हवेत दोन-अडीच तास घाम गाळायचा, अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात या सूज उतरवणाऱ्या गोळ्या, म्हणजे मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. घरात आईची डायबिटीस मी बघितलीय, आपल्याला तसलं काही नको म्हणूनच तर ४३व्या वर्षी धावायला लागले. आणि तरी रेसच्या सकाळी लोक या गोळ्या एकमेकांना खडीसाखरेसारख्या वाटतात!

मला लगेच कोणीतरी फौजा सिंगांचा फोटो पाठवेल, माहितीये. बघा, ८९व्या वर्षी मॅरेथॉन धावायला लागले. बरोबर, मीही त्यांना नमस्कार करते. पण त्यांनी २०११ मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी ४२ किलोमीटर पूर्ण केले तेव्हा आठ तासांहून जास्त वेळ घेतला, तो भाग का सांगत नाही कोण? एवढा सावकाश धावणारा माणूस आमच्या ग्रुपवर असता तर त्याला शेर म्हटलं असतं का?

हो, काही बारीकसारीक दुखणी पहिल्या दोन किलोमीटरमध्ये सुटतात, मान्य. आणि 'गुडघे झिजतील गो' म्हणणाऱ्या सगळ्या आत्या-मावश्यांचंही मी ऐकत नाही, बेताने धावणाऱ्याचे गुडघे काही झिजत नाहीत, बसून राहिल्याने जास्त बिघडतात. पण रोज सकाळी त्याच जागी दुखतं, आठवड्यागणिक वाढतं, चाल बदलते, ते दुखणं बारीकसारीक नसतं. चाळिशीनंतर तर नसतंच.

आपल्या वयाला काय होतं ते मला फिजिओने, म्हणजे फिजिओथेरपिस्टने, समजावलं. पोरगी माझ्या भाचीएवढी, पण काय नीट सांगितलं तिने! श्वास लवकर सुधारतो, स्नायूही लवकर तयार होतात, पण टाचेची ती जाड दोरी, अकिलिस, तिला रक्तपुरवठाच कमी, तिला तयार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे दम म्हणतो पळ आणि दोरी म्हणते थांब, आणि आपण दमाचंच ऐकतो. वय वाढलं की ती दोरी भरून यायला अजून उशीर लागतो. बायकांना पाळी जायच्या सुमाराला हार्मोन कमी होतात त्याचाही या दोऱ्यांवर आणि हाडांवर परिणाम होतो, हे मला ४५ वर्षं कोणीच बोललं नव्हतं. आमच्या ग्रुपमध्ये निम्म्या बायका याच वयाच्या आहेत आणि तिथे बुटांवर दोनशे मेसेज होतात, यावर एक नाही.

तिने मला व्यायाम दिला तो एका स्वीडिश हाडांच्या डॉक्टरचा, अल्फ्रेडसन नाव. त्याचं स्वतःचंच अकिलिस दुखत होतं, तोही धावणारा. असं सांगतात की ऑपरेशन करा म्हणून तो वरिष्ठांच्या मागे लागला, ते नाही म्हणाले, तेव्हा याने ठरवलं की आता मुद्दाम ताण देऊन ती दोरी तोडूनच टाकतो, मग करावंच लागेल ऑपरेशन. आणि टाच खाली सोडायचा व्यायाम करता करता त्याचं दुखणंच गेलं. मग त्याने १५ हौशी खेळाडूंवर तो करून बघितला, ते १९९८ मध्ये छापून आलं, त्यांचं सरासरी वय ४४, म्हणजे आपणच की!

करायचं काय, तर पायरीच्या कडेवर फक्त चवडे ठेवायचे, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायाची टाच हळूहळू, अगदी हळू, पायरीच्या खाली सोडायची. पंधरा वेळा, असे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून. परत तेवढंच गुडघा वाकवून, त्याने पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला १८०, बारा आठवडे. ज्या जिन्यावरून आडवी उतरायचे त्याच जिन्याच्या खालच्या पायरीवर मी हे केलं, एक हात कठड्यावर. पहिल्या आठवड्यात डोळ्यांतून पाणी यायचं. (हे माझ्या दुखण्याला दिलं होतं, तुम्ही आधी कोणाला तरी दाखवा, वाचून सुरू करू नका.)

मध्ये चवथ आली, गणेश चतुर्थी. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधताना मला स्टुलावर चढू दिलं नाही, नेवऱ्या (करंज्या) मी बसून केल्या, ते ठीक होतं. पण आरतीनंतर आमच्याकडे सगळ्या जावा-नणंदा फुगडीला उभ्या राहतात. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून माझी फुगडी कधी चुकलेली नाही, बाळंतपणाचं वर्ष सोडलं तर. पुतणी हात ओढत होती, काकी, एकच, हळूच घालूया. मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. ते आठवलं की अजून घशाशी येतं. एका मेडलसाठी मी ती फुगडी दिली, आणि ते मेडलही मिळालं नाही.

परत सलग पाच किलोमीटर धावायला मला सात महिने लागले. आता धावते ते शेजारच्या बाईशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगाने. आठवड्यातून दोनदा घरीच पोटरी आणि मांड्यांचा व्यायाम. ओल्या वाळूवर, तिरक्या किनाऱ्यावर धावत नाही, कोणी कितीही मिरामारचे सुंदर फोटो टाकले तरी. आणि सकाळी पहिली पायरी उतरताना पाय काय म्हणतो ते बघते, त्यावर त्या दिवसाचं ठरतं. पोदेर अजून दिसतो त्या रस्त्याला. हात करतो.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या ऐंशीमधल्या बऱ्याच जणांनी चांगल्या मनानेच लिहिलं असणार, मीही पूर्वी असंच लिहिलंय दुसऱ्यांना. पन्नाशी लागली की आपण अजून संपलो नाही हे कोणाला तरी दाखवावंसं वाटतं, मला नाही का वाटलं. पण मग पुढच्या वेळी कोणी अर्ध्यात रेस सोडली, किंवा नंबर घेऊनही गेलाच नाही, तर त्यालाही ऐंशी मेसेज करा ना. आपल्या ग्रुपवर रेस सोडणाऱ्याचा फोटो मी अजून बघितलेला नाही.

दुपारी त्याला फोन केला. आधी अभिनंदन केलं, खरंच केलं, २१ किलोमीटर म्हणजे काही गंमत नाही. मग विचारलं, सकाळी जिना कसा उतरतोस?

जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, आडवा उतरतो गो, तुला कोणी सांगितलं?

फिजिओचा नंबर पाठवलाय, बुधवारची वेळही घेऊन दिलीय. मी सोबत जाणार आहे.