लागणीचं कौतुक, खोडव्याचे हाल

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी साक्ष द्यायला, प्रभूनं आयुष्यात काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की गोष्ट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन थांबते. दारू सुटली, आजारातून उठलो, अमक्या साली प्रभूला स्वीकारलं, बाप्तिस्मा घेतला, हालेलूया. टाळ्या. त्याच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांत काय झालं, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारे विचारत नाहीत. लग्नाचा अल्बम दाखवून संसार कसा चाललाय ते टाळावं, तसली गत.

मला बरेच दिवस हे बोलायचं होतं. लांबलचक होणार आहे, आधीच सांगतो.

कोल्हापूर भागात ज्याच्या घरी चार गुंठे तरी ऊस आहे त्याला वेगळं समजावायला नको. लागण, म्हणजे नव्या उसाची लावणी, करताना आपण काय काय करतो! रान नांगरायचं, शेणखत टाकायचं, सऱ्या सोडायच्या, बेणं चांगल्या प्लॉटमधून निवडून आणायचं, बेणेप्रक्रिया करायची. बाळंतिणीचं करावं तसं. पहिला ऊस कारखान्याला गेला की तोच शेतकरी खोडव्याकडे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाकडे, ढुंकून बघत नाही. तोडणीची टोळी गेली की पाचट, म्हणजे मागं राहिलेला वाळला पाला, पेटवायचं, पाणी सोडायचं, युरियाची चार पोती फेकायची, झालं. मग उतारा घटला की म्हणायचं, खोडवा तो खोडवाच. आमच्या कागलकडच्या शेतावर मामाचं वर्षानुवर्षं हेच चालायचं. पुढं कृषी खात्याच्या माणसाचं ऐकून त्यानं एका वर्षी पाचट न जाळता सरीत दाबलं, बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटले, जिथं फूट आली नव्हती तिथं नांग्या भरल्या, पहारीनं भोकं पाडून मुळाजवळ खत दिलं. वाकून वाकून कंबरड्याचा भुगा झाला. खोडवा मात्र उभा राहिला. मामा म्हणाला, "रान तेच, मूळ तेच. आपलंच ध्यान नव्हतं रे."

मंडळीचंही हेच चाललंय, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या माणसासाठी आपण जीव टाकतो. दृढीकरणाचे वर्ग घेतो, घरी जाऊन प्रार्थना करतो, हातात नवीन पवित्र शास्त्र देतो. सुवार्ता सभेला मांडव, स्पीकर, बाहेरगावचे वक्ते. आणि विश्वासात येऊन पंधरा वर्षं झालेल्या माणसाला? दानार्पणाची पावती आणि नाताळच्या वर्गणीचा आकडा. तो दर रविवारी तिसऱ्या बाकावर दिसतो म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं आपण धरून चालतो. आत तो वाळत चाललेला असतो. मोठं पाप करून प्रभूपासून दूर गेलेली माणसं मी फार थोडी पाहिलीत. हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता सुकलेली पुष्कळ. त्यांची प्रार्थना बंद झाल्याची तारीख त्यांनाही सांगता येणार नाही. ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर वचन टाकणारे मात्र तेच असतात. (माझाही एक फॉरवर्ड आज सकाळी गेलाय, हसू नका.)

पवित्र शास्त्रात या मधल्या वर्षांबद्दल जितकं आहे तितकं उपदेशात येत नाही. इब्री लोकांस पत्र लिहिणारा सरळ रागावतो: एवढ्या वेळात तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, आणि तुम्हाला अजून दूधच पाजावं लागतंय! प्रेषित पौलाचं पाहा. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभू भेटला, त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी तुरुंगातून तो फिलिप्पैकरांना लिहितो की मी अजून पोहोचलेलो नाही, मागे लागलोय. अर्धं आयुष्य सुवार्तेत घालवलेला माणूस हे लिहितो. आपण दहा वर्षं मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत बसलो की पोहोचलो.

त्याच पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या दोन ओळींवर मी हल्ली फार अडकतो. चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात देमास आहे: या जगाची आवड धरून मला सोडून गेला. लगेच अकराव्यात मार्क आहे: त्याला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. फिलेमोनाच्या पत्रात हे दोघं एकाच यादीत आहेत, दोघंही सहकारी. आता मागे जाऊन प्रेषितांची कृत्ये काढा. सुवार्तेच्या प्रवासात पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेला होता तो मार्क. पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार नव्हता, त्यावरून पौल-बर्णबाचं इतकं वाजलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. म्हणजे सुरुवात बघून पैज लावली असती तर आपण सगळे मार्कावर हरलो असतो. मग मार्क टिकला कसा? शास्त्र फार तपशील देत नाही. एवढंच सांगतं की बर्णबा त्याला घेऊन कुप्रास गेला. पडलेल्या पोराला कुणीतरी गलबतात बसवून बरोबर नेलं. देमासाबरोबर त्या दिवसांत कुणी होतं का, हे लिहिलेलं नाही, आणि मला त्याचीच हुरहूर लागते.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण ख्रिस्ती लोक अभिमानानं घेतो, पण त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, इंग्लंडमध्ये. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. नाव झालं, काम उभं राहिलं, टीका झाली तीही सोसली. आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आठ वर्षं! आपल्यापैकी किती जणांत हे कबूल करायची छाती आहे? एवढी मोठी विदुषी हे जगजाहीर सांगते, आणि आपण प्रार्थनासभेत "माझी वाढ थांबलीय" एवढं म्हणायला घाबरतो, कारण पाळकसाहेब काय म्हणतील, सोयरे काय म्हणतील, पोराच्या स्थळाचं काय होईल.

आणि पुढं? पुढं तर त्यांच्या कामाचा सर्वांत चिवट भाग आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं भाषांतर, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. वर्षानुवर्षं. मध्येच १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि ते संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं. त्या मधल्या वर्षांतला एखादा साधा मंगळवार डोळ्यांसमोर आणा. केडगावचं त्यांचं मिशन, उन्हाळा, म्हातारपण, कान जड झालेले, समोर बायबलमधल्या लेवीय पुस्तकाची प्रुफं. त्या दिवशी कसला अभिषेक, कसली टाळी? मला वाटतं आत्मिक वाढ बहुतेक अशाच मंगळवारी होते. रविवारी ती फक्त दिसते.

आपल्या कोल्हापुरातलंच बघायचं तर अमेरिकन मिशनरी रेव्ह. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले. पुढं त्यांच्याच मिशन बोर्डाशी त्यांचं बिनसलं. माणूस मायदेशी गेला होता, तिथंच राहिला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. १८६१ मध्ये ते बोर्डाशिवाय, स्वतंत्रपणे परत कोल्हापूरला आले आणि १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं काम हाती घेईपर्यंत तसेच टिकून राहिले. पहिल्या येण्याचं कौतुक आहेच, पण मला त्यांचं दुसरं येणं मोठं वाटतं. पहिल्यांदा येणाऱ्याला काय वाट्याला येणार हे ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा येणारा सगळं ठाऊक असून येतो.

थोरांची उदाहरणं दिली की लोक "ते मोठे लोक" म्हणून मोकळे होतात. म्हणून माझ्या मावशीचं सांगतो, तिला विचारून. तिचं आणि तिच्या जावेचं जागेच्या वाटणीवरून हाडवैर. एका पाळकसाहेबांनी तिला सांगितलं, क्षमा जमत नसेल तर राहू दे, फक्त रोज संध्याकाळी प्रार्थनेत तिचं नाव घ्या. पुढं काही बोलू नका. मावशी म्हणते, "नाव घेताना दात खायचे मी. पयल्यांदा तर देवाला म्हटलं, हिचं काय करायचं ते तूच बघ, आणि चांगलं करू नकोस." वर्षं गेली. नाव घेणं सुटलं नाही. मग जाऊ बाळंतपणात सुनेला घेऊन दवाखान्यात अडकली, घरी कुणी नाही, तेव्हा मावशी न बोलावता डबा घेऊन गेली आणि रात्री तिथंच बाकावर झोपली. का गेलीस विचारलं तर म्हणे, "रोज नाव घेतल्यावर माणूस परकं राहतंय व्हय?" गंमत अशी की जागेची केस मिटलेली नाही. कसबा बावड्याच्या कोर्टात तारीख असली की दोघी एकाच रिक्षानं जातात, भाडं निम्मं निम्मं, आणि आत जाऊन वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

ही साक्ष मंडळीत कुणी देणार नाही, कारण शेवट गोड नाही. पण वाढ म्हणजे ती, असं माझं म्हणणं आहे.

कुणी म्हणेल, मग हे सगळं माणसाच्या जोरावरच झालं, कृपेचं काय? खोडव्याला बेणं लागत नाही हो. मूळ आधीचंच असतं, ते आपण लावलेलं नसतं. ज्यानं चांगलं काम आरंभलं तोच ते शेवटास नेईल, हे वचन मी खरं मानतो. तण काढायचं आणि पाचट पेटवायचं नाही, एवढं आपल्याकडे आहे. पाचट म्हणजे काय हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर जुनी दुखणी, अपयशं, कोरडी वर्षं. "झालं गेलं विसरा" म्हणत आपण त्यांना काडी लावतो. कुजू दिली असती तर खत झाली असती.

पंच कमिटीपुढं मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, कन्व्हेन्शनच्या, म्हणजे मोठ्या सभांच्या, खर्चातून थोडे पैसे बाजूला काढून घरोघरच्या छोट्या प्रार्थनासभा पुन्हा सुरू कराव्यात, पाच-सहा जणांच्या, जिथं माणूस खरं बोलू शकेल. चहा-बिस्किटाला असा किती खर्च येणार? दुसरं, साक्षीच्या रविवारी निदान एकाला तरी विचारावं: या वर्षी काय झालं? बाप्तिस्म्याच्या वर्षी नको, या वर्षी. कमिटीत काय होईल ते ठाऊक आहे. एक जण बजेट विचारेल, एक जण "आधीपासून असंच चालत आलंय" म्हणेल.

तोवर मी मंडळीच्या रजिस्टरमधून हल्ली न दिसणारी काही नावं काढलीत आणि फोन लावायला सुरुवात केलीय. पहिलाच गडी आमच्या तरुण संघातला, एके काळी पेटी वाजवायचा. म्हणाला, "काय भावा, वर्गणी काय?" नाही म्हटलं, सहज केला. बराच वेळ त्याला ते पटेना. शेवटी म्हणाला, चर्चला येणार नाही, आधीच सांगतो, पण बुधवारी रंकाळ्यावर भेळ खायला ये.