सोनेरी अक्षरे आणि हजेरीपट

कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबला २०२९ साली २०० वर्षे पूर्ण होतील. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला त्याचे काय, असे कुणी विचारेल. माझा भाचा गेली सहा वर्षे पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर माळीकाम करतो आणि त्याच्यामुळे मला या खेळाच्या इतिहासाचा नाद लागला. मी स्वतः गोल्फची स्टिक कधी हातात धरलेली नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षे मात्र मी रोजगार हमीच्या कामांवर हजेरी सहाय्यक होतो, त्यामुळे कुठलाही इतिहास समोर आला की त्याचा हजेरीपट कुठे आहे, हे आधी शोधायची खोड मला लागली आहे.

ब्रिटिश बेटांच्या बाहेर सुरू झालेला जगातला सर्वांत जुना गोल्फ क्लब तो हाच. बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला, त्याच १८२९ साली तो डमडम येथे, म्हणजे आज जिकडे विमानतळ आहे त्या बाजूला, सुरू झाला. तिथून शहरातल्या मैदानावर आणि पुढे टॉलीगंजला गेला. मुंबईत १८४२ साली असाच क्लब निघाला. अमेरिकेत हा खेळ नीट रुजला तो १८८८ नंतर, यावरून कोलकात्याचे वय ध्यानात यावे. १९११ साली पंचम जॉर्ज दरबारासाठी हिंदुस्थानात आले, तेव्हा क्लबच्या नावाआधी ‘रॉयल’ लागले. हे सगळे कुठेही वाचायला मिळते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

जे सहज वाचायला मिळत नाही ते असे, की या मैदानावर भारतीय माणूस पहिल्या दिवसापासून होता. गवत कापणारा, पाणी मारणारा, साहेबाची पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालणारा तोच होता. सदस्यांच्या यादीत त्याच्या देशातल्या माणसाचे नाव यायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. मुंबईत तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ साली युरोपियन आणि भारतीय अशा दोघांसाठी खुला क्लब काढला, तेव्हा ती मोठी उदारपणाची गोष्ट समजली गेली. आपल्याच जमिनीवर आपल्याला आत घेतले, याचे कौतुक ऐकताना मला जरा अवघडल्यासारखे होते, पण त्या काळाच्या मानाने ते पाऊल खरेच मोठे होते, हेही मान्य केले पाहिजे.

आता गवताकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या मैदानांचा खरा इतिहास तिथेच आहे. भारताच्या सखल प्रदेशातल्या बहुतेक गोल्फ मैदानांवर जे गवत असते त्याला हे लोक बर्म्युडा म्हणतात. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वाही तीच. आमच्या वडिलांनी वैशाखाच्या उन्हात काळ्या रानात हातभर खोल कुदळ मारून हरळीच्या काशा वेचल्या, बांधावर वाळवल्या आणि जाळल्या. एक काशी जरी मागे राहिली तरी पावसाळ्यात वावर पुन्हा हिरवे. ज्या गवताने आमच्या दोन पिढ्यांच्या कंबरा मोडल्या, त्याच गवताच्या कुळातले संकरित वाण अमेरिकेतल्या टिफ्टन या गावच्या संशोधन केंद्रात तयार होतात, आणि माझा भाचा पगार घेऊन त्यांना लेकरासारखा जपतो. पाणी नसेल तिथे पूर्वी ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, जागी तेल पाजलेली वाळू दाबून सपाट करीत आणि तिला ‘ब्राऊन’ म्हणत. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या माणसाला तो ब्राऊन अधिक जवळचा वाटेल.

मागच्या हिवाळ्यात मी भाच्याकडे गेलो होतो. अंगात पायजमा असल्यामुळे मला मागच्या फाटकाने जावे लागले. त्याचा राग नाही, कारण माळ्यांची ये-जा त्याच फाटकातून होते. पहाटे साडेपाचला तो लांब बांबू आडवा फिरवून ग्रीनवरचे दव झटकत होता. मग गुडघ्यावर बसून त्याने लोखंडी नळीसारखे एक हत्यार दोन्ही हातांनी पिळत जमिनीत उतरवले आणि सव्वाचार इंच व्यासाचा मातीचा दंडगोल गवतासकट उपसून काढला. हे नवे भोक. कालच्या भोकातला प्याला काढून त्याने तो नव्यात बसवला, उपसलेला दंडगोल जुन्या भोकात सोडला, कडेने पाणी दिले आणि तळव्याने दाबत राहिला. “मामा, चेंडू इथून जाताना जरा जरी उडाला ना, तर बोलणी मलाच बसतात,” तो म्हणाला. मी वाकून पाहिले, तर जोड कुठे आहे तेच कळेना.

अशाच एका माळ्याच्या मुलाने या क्लबांचा इतिहास बदलला आहे. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्तामध्ये ग्रीनची निगा राखत. मुलगा तिथेच खेळ शिकला, त्याने २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स आणि २०१६ व २०१७ साली लागोपाठ इंडियन ओपन जिंकली. त्याआधी १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हेही कॅडीकामातूनच, म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहण्याच्या कामातूनच, पुढे आले. असे यश आले की क्लब त्यांचे फोटो लावतात आणि ते योग्यच आहे. पण जो जिंकला त्याचा फोटो लागतो. जो ५ वाजता उठून ३५ वर्षे ग्रीन कापत राहिला, तो इतिहासात बसत नाही, ही माझी तक्रार आहे.

भाच्याच्या क्लबात दिवाणखान्याच्या भिंतीवर लाकडी पाटी आहे, तिच्यावर आजवरच्या कप्तानांची नावे सोनेरी अक्षरांत सालवार लिहिली आहेत. मी खिडकीतूनच पाहिली. आमच्या पाझर तलावाच्या कामावर मातीची पाटी उचलणाऱ्या बाईचेही नाव मस्टरवर रोज चढत होते आणि त्यापुढे तिचा अंगठा असे. अर्थात आपणही फार शहाणपणा सांगण्यात अर्थ नाही. ती मस्टरे पुढे गोणपाटात बांधून एका गोदामात टाकली गेली आणि मी सेवानिवृत्तीच्या आधी पाहायला गेलो तेव्हा त्यातली निम्मी वाळवीने खाल्ली होती.

तरीही माझी सूचना गंभीर आहे. जो जुना क्लब वर्धापनाचे स्मरणिकावजा पुस्तक काढील, त्याने कप्तानांच्या यादीआधी माळ्यांचे आणि कॅडींचे जुने पगारपत्रक शोधून छापावे. नाव, गाव, किती साली लागला, किती साली सुटला, एवढे पुरे. मी उत्साहाने भाच्याला फोन करून विचारले की तुमच्याकडे माळ्यांचे हजेरीबुक कुठे ठेवतात. तो म्हणाला, “क्लबात नसतं मामा, ठेकेदाराकडे असतं. आणि ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलतो.”