रीतसर बंडखोरी

पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं ते फाटक्या कपड्यांचं, तीन कॉर्डचं बंडखोर रॉक. तसले पंक व्हायचं ठरवलंत ना? मग आधी कपड्यांचं बघा, गाण्याचं नंतर पाहता येईल. 'पंकचा आता बाजार झालाय' असं म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्याला लंडनच्या किंग्ज रोडवरच्या ४३० नंबरच्या दुकानाची आठवण करून द्या. माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवूड तिथे कपडे विकायचे आणि सेक्स पिस्टल्स हा बँड त्याच दुकानात कामाला असलेल्या आणि तिथे घुटमळणाऱ्या पोरांतून उभा राहिला. दुकान आधी, बंड मागून. तेव्हा गुडघ्यावर फाडूनच मिळणारी जीन्स मॉलमधून घेताना मनाला लावून घेऊ नका, तुम्ही परंपराच पाळताय.

टी-शर्ट न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचा घ्या. छातीवरचा गरुड अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून घेतलाय, फक्त पंजात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट आहे. एवढं पाठ असलं की कुणी आवडतं गाणं विचारायच्या आत विषय बदलता येतो. सेफ्टी पिना फाटलेल्या जागी लावू नका. मुळात त्या फाटकं कापड धरून ठेवायला असायच्या. तुम्ही धड कापडावर लावा, पिनेला काही काम असता कामा नये. आणि स्टेनलेस स्टीलच्या बघून घ्या, नाहीतर जुलैत गंज धरून टी-शर्टवर तांबूस डाग पडतात आणि ते घरच्या मशीनमध्ये जात नाहीत.

जॅकेटचा मामला नाजूक. धारावीत चांगलं चामड्याचं मिळतं, पण जूनमध्ये कपाटात ठेवलंत की गणपतीपर्यंत त्यावर पांढरी बुरशी आलीच समजा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलंत तर आणखी लवकर, कारण आतला ओलावा आतच कोंडतो. रेक्झिनचं घ्याल तर बुरशी परवडली म्हणाल. दमट हवेत त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर सुटायला लागतो आणि गर्दीच्या लोकलमध्ये शेजाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर तुमच्या बंडाचे काळे पापुद्रे उमटतात.

केसांचा तुरा उभा करायला लंडनची पोरं अंड्यातलं पांढरं, जिलेटिन, साखरेचं पाणी, मिळेल ते वापरायची. तिथली हवा थंड. जिलेटिन आणि साखर दोन्ही ओलावा ओढून घेतात, त्यामुळे आपल्याकडे दादरला उभा असलेला तुरा वांद्रे येईपर्यंत कपाळावर उतरतो, शिवाय चिकटतो. कडक हेअरस्प्रे मारा, थर वाळू द्या, पुन्हा मारा. कडेचे केस मात्र भादरू नका. जेलने दाबून बसवा, रविवारी रात्री धुवा, सोमवारी मॅनेजरला ओळख पटली पाहिजे.

आता वाद्यं. पॉवर कॉर्ड, म्हणजे गिटारवरची दोन सुरांची सोपी कॉर्ड, दहा मिनिटांत येते: जाड तारेवर तर्जनी, पुढच्या तारेवर दोन पडदे वर अनामिका, बाकीच्या तारा गप्प. तीन जागा शिकलात की शिक्षण संपलं. अडचण उजव्या हाताची आहे. रमोन्सचा गिटारवाला जॉनी रमोन सगळे आघात वरून खालीच मारायचा. मिनिटाला १८० ठोके आणि ठोक्याला दोन आघात धरले तर सेकंदाला सहा आघात होतात, आणि दुसऱ्या गाण्यात कोपरापासून मनगटापर्यंत हात लाकूड होतो. म्हणून तुम्ही वर-खाली मारा. वर जाणारा हात बारीक तारेला आधी लागतो, एक आघात जड आणि एक हलका पडतो, त्या गिटारचा सपाट रेटा जातो. जाऊ दे. अँपवरचा गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, पूर्ण पिळा आणि मिड, म्हणजे मधल्या सुरांचं बटण, शून्यावर आणा, म्हणजे घरी एकट्याने वाजवताना अंगावर काटा येईल आणि अंधेरीच्या जॅम रूममध्ये ड्रम सुरू झाले की तुमची गिटार कुणाला ऐकूच येणार नाही. तीन कॉर्ड अजून बसल्या नसतील तर ही सेटिंग सोडूच नका. गेन निम्म्यावर आणून मिड वाढवले तर प्रत्येक चूक स्पष्ट ऐकू येते, आणि असला स्पष्टपणा पंकला परवडत असला तरी तुम्हाला परवडणार नाही.

गाण्याचे विषय सावधपणे निवडा. 'सिस्टीम', 'समाज', 'ट्रॅफिक' हे चालतात. खड्डेही चालतात, पण वॉर्डाचं नाव घेऊ नका. इंडोनेशियातल्या आचेमध्ये २०११ साली पोलिसांनी कार्यक्रमाला जमलेल्या साठहून जास्त पंक पोरापोरींना धरून नेलं आणि त्यांचे केस उतरवले. रशियात पुसी रायट या पंक गटाच्या तिघींना २०१२ साली मिनिटभराच्या गाण्यापायी दोन वर्षांची शिक्षा झाली. आजच्या पंकमध्ये मूळचा दम उरला का, असा वाद घालणाऱ्याने खरं तर तिकडे बघायला हवं. तुम्ही बघू नका, झोप उडेल.

जवळचं तर मुळीच काढू नका. लंडनमध्ये १९७६ साली झेरॉक्स केलेली फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनीच काढलेली मासिकं, निघाली, त्याच्या दहाएक वर्षं आधीपासून याच मुंबईत मराठी लेखक स्वतःच्या खिशातून अनियतकालिकं काढत होते, सायक्लोस्टाइलवर, शाईने हात काळे करून. दलित पँथर १९७२ ची. त्यांना गिटार लागली नाही. शिवाय त्यांचा टी-शर्ट मॉलमध्ये मिळत नाही, म्हणजे तुमच्या कामाचं काही नाही.

कार्यक्रम लोअर परळला करा, गिरणीच्या आवारातल्या एखाद्या पबमध्ये. १८ जानेवारी १९८२ ला जिथल्या कामगारांनी संप पुकारला, तिथे आठशे रुपयांचा बर्गर खात कामगारांच्या हालअपेष्टांवर गाणं म्हणायला जी मजा आहे ती इतरत्र नाही. दारावर वय तपासतात हेही बरंच. महाराष्ट्रात बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. पंक लागतो सतराव्या वर्षी, पण ती पोरं बाहेर फुटपाथवर राहिली की आत शांतता राहते. वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड कोणत्याही वयाच्या माणसाला पाच डॉलरमध्ये आत घ्यायचा म्हणे. त्यांचा बार कसा चालायचा देव जाणे.

उघड्यावर वाजवायचा मोह टाळा. रॉकसाठी गाजलेलं मुंबईचं खुलं रंगभवन आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज म्हणून शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथला आवाज बंद झाला. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावता येत नाही. डीजेच्या भिंती कशा वाजतात असं विचारू नका, त्यांच्यामागे मंडळ असतं. तुमच्यामागे फक्त ड्रमर आहे.

त्यापेक्षा मोठा फेस्टिव्हल गाठा. मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर अमेरिकेचा ग्रीन डे हा बँड येऊन गेला. बर्कलीतल्या '९२४ गिलमन स्ट्रीट' या ज्या पंक क्लबात ते वाढले, तिथे मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला मज्जाव होता, त्यामुळे १९९४ च्या सुमाराला त्यांनाही दार बंद झालं. तुम्ही इतकं सोवळं पाळू नका. महागातलं तिकीट काढा, उंच डेकवर उभे राहा, खाली घाम गाळणाऱ्या गर्दीचा व्हिडिओ काढा आणि खाली 'पंक इज नॉट डेड' लिहा.

एका भानगडीत मात्र चुकूनही पडू नका, ती म्हणजे हिशोब. मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडने जानेवारी १९७७ मध्ये ५०० पौंड उसने घेऊन आपली पहिली तबकडी स्वतःच काढली, १,००० प्रती. पाठोपाठ १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने तर रेकॉर्डिंगला किती, छपाईला किती, हे वेष्टनावरच छापलं, म्हणजे वाचणाऱ्याला उद्या स्वतःची तबकडी काढता यावी. रमोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत, खर्च ६,४०० डॉलरच्या आसपास. दुकानातून निघालेल्या पिस्टल्सपेक्षा खरा पंक या आकड्यांत होता असं काही खवट लोक मानतात, आणि दुर्दैवाने त्यांचं बरोबर आहे. तुम्ही हिशोब छापलात तर व्हिडिओचा खर्च एनर्जी ड्रिंकवाल्यांनी केला आणि गिटार बाबांनी घेऊन दिली, हे चारचौघांत येईल.

फॅनझीनही काढू नका, फार सोपं असतं. ए-४ कागद तीनदा अर्धा दुमडून आठ घरं पाडायची, मधल्या चार घरांच्या आडव्या घडीवर एक काप द्यायचा, उभं धरून दोन्ही टोकं आत ढकलायची, की एका बाजूच्या झेरॉक्समध्ये आठ पानांची चोपडी तयार. कडेला अर्धा सेंटिमीटर मोकळा सोडला नाही तर मशीन अक्षरं खातं. करडा फोटो काळा ठिक्कर येतो, म्हणून रेषांची चित्रं घ्यावी लागतात. वरची चार घरं उलटी लिहायला विसरलात तर निम्मी चोपडी डोक्यावर उभी राहते. इतकी लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस असेलच, तर निदान कव्हरवर किंमत टाकू नका. इंग्लंडच्या क्रास या पंक बँडने 'यापेक्षा जास्त देऊ नका' असं रेकॉर्डवर छापलं होतं. लोकांनी वाचलं तर ते खरंच तेवढेच पैसे देतील.