सेल संपल्याने बायोस पुसली जात नाही
संगणकाच्या मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल संपला की बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्राम, पुसली जाते, असे एका लेखात म्हटले आहे; ते चुकीचे आहे. बायोस, किंवा तिची आजची नवी आवृत्ती यूईएफआय, मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमध्ये असते आणि वीज नसतानाही टिकते. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल घड्याळ चालू ठेवतो आणि, विशेषतः जुन्या संगणकांत, आपण बदललेल्या सेटिंग्ज जपतो.

दुरुस्तीच्या कामात मी हे नेहमी पाहतो: सेल उतरलेला संगणक रॅम आणि कीबोर्ड तपासून व्यवस्थित सुरू होतो, पण तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असल्याने ब्राउझर संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही अशी तक्रार करून चांगली संकेतस्थळेही अडवतो. अशा वेळी विंडोज नव्याने टाकून ग्राहकाकडून पैसे घेणे मला अन्यायाचे वाटते. आधी सेल बदलावा, तारीख लावावी आणि बूटचा क्रम (संगणक कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हावा तो क्रम) पाहावा.