एक सोडून एक

कोजागिरीला चार दिवस उलटले, तरी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतील मुले मला जिन्यात पाहिले की टाळ्यांचा ठेका धरून "यांनी मेंटेनन्स भरलाय का?" असे सामूहिक गायन करतात, आणि तो मी १ तारखेलाच भरला होता हे सांगण्याची सोय त्या ठेक्यात नाही.

मी हौसेने गिटार वाजवतो आणि वाजवलेला तुकडा तिथल्या तिथे पकडून पुन्हा पुन्हा ऐकवणारे लूपर नावाचे यंत्र बाळगतो. आधी ठेका वाजवून तो फिरता सोडायचा, त्यावर स्वरांचा एक थर चढवायचा, त्यावर दुसरा, आणि मग स्वतःच निर्माण केलेल्या या साथीदारांच्या जिवावर निवांत भूप राग वाजवायचा, अशी ही योजना आहे. माझे लूपर टेबलावर ठेवून बोटांनी चालवायचे आहे; परंतु माणसाला हात दोनच आणि ते दोन्ही गिटारवर, म्हणून मी त्याला मिडीच्या वायरीने चार बटणांची पायपट्टी जोडली. या वायरीतून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९८३ साली मिडी ही भाषा प्रचारात आली, आणि ती इतकी मितभाषी आहे की तिच्यात कोणताही आकडा ० ते १२७ यांच्या पलीकडे सहसा जात नाही.

पायपट्टीच्या बटणाचे स्वभाव दोन. एका स्वभावात पाय टेकला की १२७ जातो आणि उचलला की ०. दुसऱ्या स्वभावात ते घरातल्या दिव्याच्या बटणासारखे वागते, म्हणजे पहिल्या दाबाला १२७ आणि पुढच्या दाबाला ०. माझे लूपर १२७ आला तरच हलते; शून्याला ते ओळखही देत नाही. पट्टी कारखान्यातून दुसऱ्या स्वभावाची आली होती, आणि तिला पहिल्यावर आणण्यात माझ्या तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या. तेवढे 'सेव्ह' करायचे मात्र राहिले, आणि ते राहिले हे मला कळण्याचा मार्ग नव्हता, कारण त्या यशानंतर घाबरून मी ती पट्टी बंदच केली नव्हती. गच्चीवरसुद्धा ती बॅटरीच्या डबीवर चालू ठेवूनच नेली, आणि वर गेल्यावर प्लगला लावून डबी काढली.

गच्चीवर सतरंजी अंथरली होती, चपला जिन्यात काढायच्या होत्या, त्यामुळे मी अनवाणी पायाच्या अंगठ्याने बटणे चाचपत बसलो होतो. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका शेजारी येऊन बसले. काका सोसायटीचे माजी खजिनदार. सातपूरच्या एका कारखान्यात, पत्रे दाबून कापणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, त्यांनी तीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर त्यांची देखरेख थांबली नाही, फक्त कारखान्याच्या जागी सोसायटी आली.

"हे काय, शिवणयंत्र?"

"मिडी आहे, काका."

"एमआयडीसी?" काकांचा चेहरा उजळला. "कुठली? सातपूर की अंबड?"

"एमआयडीसी नाही, नुसती मिडी. पायाने दाबलं की त्या यंत्राला हुकूम जातो."

"मग फूट पेडलच की. मी पॉवर प्रेस चालवलाय पायाने. यातून काय निघतं?"

"सूर निघतात."

"ते गिटारमधून निघतात ना? मी विचारतोय, ह्यातून काय निघतं?"

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर "काहीच नाही" असे आहे, आणि ते देण्याची माझी तयारी नव्हती. मी थर, आवर्तन, सम असे सगळे समजावून सांगितले. काकांनी ते डोळे मिटून ऐकले.

"म्हणजे लेहरा," ते म्हणाले. "तबलजी एकटा वाजवायला बसला की पेटीवाला तीच ओळ तासभर धरून ठेवतो, तो. मग लेहरा धरायला माणूस परवडत नाही का तुम्हाला?"

परवडत नाही. सोसायटीने माळांचे पैसे दिले, खुर्च्यांचे दिले, दूध आटवणाऱ्या आचाऱ्याचे आगाऊ दिले; माझी बोळवण मात्र "घरचाच माणूस" या पदवीवर केली. घरच्या माणसाला मानधन द्यायचे नसते, त्याने आपली वायर आपणच आणायची असते, आणि कार्यक्रमानंतर मसाला दुधाचा पेला त्याच्यापर्यंत पोहोचेतो त्यात फक्त वेलदोडा उरलेला असतो. घरच्याच प्लंबरला नळ फुकट दुरुस्त करून मागण्याचे धाडस याच लोकांना होत नाही. असो.

"आणि पलुस्करांच्या गावात पायाने संगीत?" काकांनी शेवटचा घाव घातला. गायक द. वि. पलुस्करांचा जन्म १९२१ साली नाशिकचा, हे खरे. परंतु आपल्याच संगीत नाटकांत ऑर्गनवाला दोन्ही पायांनी भाता मारीत बसत असे आणि त्याला कोणी शिवणयंत्रवाला म्हटले नाही, हे चोख उत्तर मला काल दुपारी सुचले.

"असं करा," काका चप्पल नसलेला पाय पुढे सरकवत म्हणाले, "तुम्ही वाजवा, मी दाबतो."

मी ते नम्रपणे नाकारले. त्याच वेळी मंडपवाल्याच्या मुलाने "दोनच मिनिटं, दादा" म्हणत माझा प्लग काढला, त्या जागी चंद्राला लाजवणारी हिरवी माळ लावून पाहिली, आणि मग एक जोडपट्टी आणून दोन्ही त्यात खोचली. पायपट्टी पुन्हा पेटली ती कारखान्यातल्या मूळ स्वभावानिशी.

मी पहिल्यांदा दाबले. ध्वनिमुद्रण सुरू झाले. आठ मात्रांच्या केरव्याच्या ठेक्याची दोन आवर्तने वाजवली आणि समेवर दुसऱ्यांदा दाबले. लूपरला शून्य गेले, त्याने ते ऐकले नाही, आणि ते शांतपणे मुद्रण करीत राहिले. मी लूप ऐकू येण्याची वाट पाहत थांबलो. त्या शांततेत माझ्या माइकपासून वीतभर अंतरावर बसलेल्या काकांनी सेक्रेटरींना विचारले, "यांनी मेंटेनन्स भरलाय का?" मी गोंधळून तिसऱ्यांदा दाबले.

आता लूप फिरू लागला. दोन आवर्तने ठेका, आणि लगेच काकांचा प्रश्न. तो प्रश्न आठ मात्रांत इतका चपखल बसला होता की दुसऱ्या फेरीपासून मुलांनी टाळ्या धरल्या. मी चौथ्यांदा दाबले, काही झाले नाही. पाचव्यांदा दाबले, तेव्हा लूपरने विचार केला की मला वर आणखी एक थर हवा आहे, आणि नेमके त्याच क्षणी माझ्या पायाकडे टक लावून बसलेले काका ओरडले, "अहो, एक सोडून एक लागतोय तुमचा स्ट्रोक! पेडल बघा!" ते वाक्यही समेला धरून प्रश्नावर जाऊन बसले. टेबलावरचे लूपर हाताने बंद करता आले असते, याची आठवण मला झाली नाही. मी ती जोडपट्टीच उपटली. माळाही गेल्या, गच्ची अंधारली, आणि कोजागिरीचा चंद्र एकदम लख्ख दिसू लागला, तेव्हा सगळ्यांनी माझ्यासाठी म्हणून नव्हे, तर चंद्रासाठी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी माहितीपुस्तिका चाळत बसलो होतो. एक सोडून एक. ज्या निदानाला मला तीन आठवडे लागले, ते काकांनी पाच दाबांत, पायाकडे पाहून केले होते, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. तीस वर्षे ज्याच्या पायाखालच्या पेडलवर बोटे राहणार की जाणार हे ठरत होते, त्याला माझी चार बटणे ती काय अवघड जाणार? भूप मात्र राहिला तो राहिलाच. मी तो वाजवणार होतो हेही कोणाला ठाऊक नाही.

काल न राहवून मी मेंटेनन्सच्या पावतीचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. साठ सभासदांनी तो पाहिला आणि कोणी काही बोलले नाही. संध्याकाळी एकच अंगठा आला, तो काकांचा. त्याखाली त्यांनी लिहिले होते, "पार्किंगचे वेगळे."