पासवर्ड कुठे चिकटवावा

अभिनंदन! विद्यापीठाच्या संगणक समितीचं अध्यक्षपद तुमच्या गळ्यात पडलं, म्हणजे त्या बैठकीला तुम्ही दांडी मारली असणार. आता काम दोनच: सगळ्या विभागांना मिळून एक सॉफ्टवेअर निवडायचं आणि जाता जाता संगणकांची सुरक्षा वाढवायची. यातलं काही कळत नसेल तरी काळजी नको. कळणाऱ्यांचीच पंचाईत होते, त्यांना मध्येच प्रश्न पडतात.

समितीत अधिष्ठाते घ्या, विभागप्रमुख घ्या, वित्त विभागातलं कोणीतरी घ्या. परीक्षा विभागात दिवसभर गुण भरत बसणाऱ्या बाईंना मात्र बोलावू नका. त्या पहिल्याच बैठकीत विचारतील, "एकदा 'सेव्ह' दाबल्यावर चूक सुधारता येते का?" आणि तुमची दुपार वाया जाईल.

मग प्रत्येक विभागाकडून गरजांची यादी मागवा. एकही गरज गाळू नका, कोणाचं मन मोडायचं नाही. तीनशे ओळींचा तक्ता तयार झाला की विक्रेत्यांना पाठवा. सगळे विक्रेते सगळ्या ओळींपुढे 'होय' लिहितात, त्यामुळे तुलना अगदी सोपी होते.

प्रात्यक्षिक अवश्य बघा, फार प्रसन्न वाटतं. विक्रेत्याच्या लॅपटॉपवरच्या विद्यापीठात एकूण तीन विद्यार्थी असतात. तिघेही मुदतीत शुल्क भरतात आणि पहिल्या फटक्यात पास होतात. तुमच्याकडे मध्येच नाव बदललेली, एक विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात गेलेली, दोन विभागांत एकदम नाव घातलेली मंडळी आहेत. त्यांचा विषय काढून रंगाचा बेरंग करू नका. उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर आपली माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हेही विचारू नका. साखरपुड्यात पोटगीचं कोणी बोलत नाही.

एखादा तरुण प्राध्यापक मुक्त सॉफ्टवेअरचं नाव काढेलच. मूडल 2002 पासून आहे, जगभरची विद्यापीठं त्यावर शिकवतात, वगैरे. त्याला दोन प्रकारे गप्प करता येतं. एक, "बिघडलं तर ओरडायचं कोणावर?" विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते: तुम्ही ओरडता, तुम्हाला तक्रार क्रमांक मिळतो. दुसरा उपाय जास्त परिणामकारक. त्याचं म्हणणं मान्य करा आणि देखभालीला माणूस देऊ नका. एखादा हौशी विद्यार्थी सगळं बसवून देईल, मग पदवी घेऊन निघून जाईल आणि सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याबरोबर जाईल.

पासवर्डवरून आठवलं. परिपत्रक काढा: दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलणे बंधनकारक, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. लोक शिस्तीने पहिलं अक्षर मोठं करतात, शेवटी 1 आणि उद्गारचिन्ह लावतात, आणि तीन महिन्यांनी त्या एकाचा दोन करतात. हा सल्ला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी 2003 मध्ये लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनेही सांगितलं, की पासवर्ड फुटल्याची चिन्हं नसतील तर उगाच बदलायला लावू नका. लांब असू द्या, आणि आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. पण परिपत्रक एकदा निघालं की निघालं.

त्याचं फळ बघायचं असेल तर कुठल्याही कार्यालयात डोकवा. मॉनिटरच्या खालच्या कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी दिसेल. तीवर चार पासवर्ड खोडलेले, पाचवा ठळक, आणि ती पडू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी. ही विद्यापीठातली सर्वांत नीट जपलेली नोंद. तोच पासवर्ड सात जण वापरतात. सामायिक सॉफ्टवेअर म्हणतात ते याला. पुढे एखाद्याचे गुण रात्रीत वाढले तर चौकशी चटकन आटोपते. कोणी बदलले? 'ॲडमिन'ने. ॲडमिन कोण? सगळेच.

लॉगिन करताना फोनवरच्या कोडने दुसरी खात्री करून घेणं, हा खरोखरच उपयोगी पडणारा प्रकार आहे, तेव्हा तो बेताने वापरा. विद्यार्थ्यांना सक्तीचा करा. वरिष्ठांना वगळा, त्यांना फोन वाजलेला आवडत नाही. हल्लेखोरही ज्येष्ठतेचा मान ठेवत असतील.

अपडेटची घाई नको. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रामने विंडोजमधल्या ज्या भोकातून जग हैराण केलं, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्ये दिलं होतं. हल्ला आला मे महिन्यात. दोन महिन्यांत तर समितीचं इतिवृत्तसुद्धा मंजूर होत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला जोडलेला तो जुन्या विंडोज एक्सपीवाला संगणक आहे ना, ज्याला 8 एप्रिल 2014 पासून मायक्रोसॉफ्टचा आधार उरलेला नाही? यंत्राचा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालत नाही, हे खरंच आहे. त्याला वेगळ्या जाळ्यात ठेवावं असं तंत्रज्ञ म्हणतील. पण मग चित्रं ईमेलने कशी पाठवणार?

बॅकअप घ्या, फक्त तो परत चढवून बघू नका. बघितलं तर कळेल. आणि तो त्याच जाळ्यात, हाताशी असू द्या. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात 2019 च्या ऑक्टोबरमध्ये कोणीतरी फसव्या ईमेलमधल्या दुव्यावर क्लिक केलं. पाहुणे दोन महिने निवांत घर बघत हिंडले आणि ऐन नाताळच्या तोंडावर त्यांनी 267 सर्व्हरना कुलूप घातलं. त्यात काही बॅकअपचेही होते. विद्यापीठाने खंडणी म्हणून 30 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो मोजले. त्याच महिन्यात जर्मनीच्या गीसेन विद्यापीठात हल्ल्यानंतर सुमारे 38,000 जणांना ओळखपत्र दाखवून, रांगेत उभं राहून, कागदावर नवा पासवर्ड घ्यावा लागला. एरवी वर्षभर न दिसणारे सहकारी त्या रांगेत भेटले असतील, हा फायदा कोणी लक्षात घेत नाही.

शेवटी प्रशिक्षण. ते ऑनलाइन आणि सक्तीचं हवं. त्याचा ईमेल बाहेरच्या कंत्राटदाराच्या, कोणी कधी न ऐकलेल्या पत्त्यावरून जाऊ द्या. विषय: 'तातडीचे! 24 तासांत पूर्ण न केल्यास आपले खाते बंद होईल'. खाली निळं बटण, 'येथे क्लिक करून पासवर्ड टाका'. जे ताबडतोब क्लिक करतील त्यांना सायबर-जागरूकतेचं प्रमाणपत्र द्या. ज्यांनी तो ईमेल संशयास्पद म्हणून न उघडताच डिलीट केला, त्यांची नावं गैरहजर म्हणून विभागप्रमुखांकडे पाठवा. परीक्षा विभागातल्या त्या बाई यादीत पहिल्या असतील.