जॅक्सन असताना जेनेरिकएंटिटी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्लासपाथवर जॅक्सन (जावा ऑब्जेक्टचं जेसन करणारी लायब्ररी) टाकला की रिस्पॉन्स.ओके(लिस्ट) बिनबोभाट चालतं, मग जेनेरिकएंटिटीचा (लिस्टसोबत तिच्या आतला टाइप पाठवणारं वेष्टन) द्राविडी प्राणायाम कशाला? आणि लिस्टमध्ये एकच नोंद असली की ॲरेऐवजी ऑब्जेक्ट येतो, तो जॅक्सनचा बग.

पहिला मुद्दा अर्धा मान्य. जॅक्सनमुळे लिस्ट पाठवताना येणारी एरर जाते, पण टाइप (लिस्टमधले घटक कोणत्या क्लासचे, ही माहिती) पुसला जायचा तो जातोच. मेथडचा रिटर्न टाइप थेट लिस्ट<पेमेंट> असेल तर जॅक्स-आरएसला (जावात वेब एपीआय लिहिण्याचं मानक) तो सिग्नेचरमधून कळतो. तीच लिस्ट रिस्पॉन्समध्ये घातली की हाती उरतो नुसता ॲरेलिस्ट. मॉक्सीला (जेसन करणारी दुसरी लायब्ररी) आतला क्लास आधी माहीत असावा लागतो, त्यामुळे तिथे ५०० (सर्व्हर एरर) आणि लॉगमध्ये 'मेसेजबॉडीरायटर नॉट फाउंड'. जॅक्सन प्रत्येक घटकाचा रनटाइम क्लास बघून गेटर वाचतो, म्हणून निभावतं. साध्या पोजोंसाठी (साधे जावा क्लास) एवढं पुरेसं आहे, तिथे वाद नाही.

वांधे होतात ते वारसा आला की. समजा पेमेंट हा ॲबस्ट्रॅक्ट क्लास आहे, त्यावर जेसनटाइपइन्फो हे जॅक्सनचं ॲनोटेशन लावून 'टाइप' ही प्रॉपर्टी ठरवली आहे, आणि कार्डपेमेंट, कॅशपेमेंट हे त्याचे सबक्लास. एकटा ऑब्जेक्ट पाठवला तर 'टाइप' नीट येतो. तेच ऑब्जेक्ट लिस्टमध्ये घालून रिस्पॉन्समधून पाठवले की 'टाइप' गायब! जॅक्सनच्या लेखी ती जावाच्या मूळ 'ऑब्जेक्ट' क्लासची लिस्ट असते, आणि त्या क्लासवर ते ॲनोटेशन नाही. सर्व्हर २०० देतो, लॉग स्वच्छ. बोंब होते ती क्लायंटकडे, 'मिसिंग टाइप आयडी प्रॉपर्टी' म्हणून. ५०० परवडला, निदान तो आपल्या घरात तरी दिसतो.

खात्री करायची तर एका युनिट टेस्टमध्ये तीच लिस्ट दोनदा लिहा: एकदा जॅक्सनच्या मॅपरच्या साध्या राइटव्हॅल्यूॲजस्ट्रिंगने, एकदा राइटरफॉरला टाइपरेफरन्स<लिस्ट<पेमेंट>> देऊन. फरक डोळ्यांनी दिसेल. सर्व्हिसमध्ये उपाय तोच: न्यू जेनेरिकएंटिटी<लिस्ट<पेमेंट>>(लिस्ट) {}. शेवटचे महिरपी कंस विसरू नका. त्यांच्यामुळे निनावी सबक्लास तयार होतो आणि टाइप त्याच्या व्याख्येत टिकतो. नवीन एपीआय असेल तर मी सरळ एक रॅपर क्लास करीन, ज्यात लिस्ट<पेमेंट> हे फील्ड असेल. फील्डचा टाइप पुसला जात नाही, शिवाय उद्या एकूण संख्या घालायला जागा राहते. चालू एपीआयमध्ये मात्र हे करू नका, ॲरेचा ऑब्जेक्ट झाला की जुने क्लायंट मोडतात.

स्प्रिंगवाल्यांसाठी (जे जॅक्स-आरएसऐवजी स्प्रिंग फ्रेमवर्क वापरतात): रिस्पॉन्सएंटिटी<लिस्ट<पेमेंट>> लिहिलं तर टाइप टिकतो, रिस्पॉन्सएंटिटी<?> लिहिलं तर इथेही तीच गत.

तरीही 'नॉट फाउंड' येतच असेल तर त्या ओळीतला जेनेरिकटाइप वाचा. तिथे नुसता ॲरेलिस्ट असेल तर टाइप हरवला आहे. लिस्ट<पेमेंट> पूर्ण दिसत असेल तर टाइप पोचला आहे, आणि प्रोव्हायडरच (जेसन लिहिणारा भाग) नोंदलेला नसण्याची शक्यता मोठी. मग मेव्हनचं डिपेन्डन्सी ट्री काढा आणि जर्सीचं (जॅक्स-आरएस प्रत्यक्षात चालवणारी लायब्ररी) जॅक्सन मॉड्यूल व जर्सी कोअर एकाच व्हर्जनचे आहेत ना, ते बघा. जर्सी २ 'जावाएक्स' नावाच्या जुन्या पॅकेजांवर आहे, जर्सी ३ नव्या 'जकार्ता' पॅकेजांवर. ही सरमिसळ झाली की कितीही जेनेरिकएंटिटी लावा, उपयोग शून्य.

आता एका नोंदीचा ऑब्जेक्ट. जॅक्सन आपणहून असं करत नाही. जर्सी १ वर असाल तर हा जॅक्सबीच्या (जावा ऑब्जेक्ट-एक्सएमएल जुळवणीचं मानक) 'मॅप्ड' पद्धतीचा प्रताप आहे: एक नोंद असली तर ऑब्जेक्ट, रिकामी लिस्ट असली तर नल. वेब.एक्सएमएलमध्ये पोजोमॅपिंगफीचर ट्रू करा. जर्सी १ नसेल तर मॅपरच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'राइट सिंगल एलेम ॲरेज अनरॅप्ड' हे फीचर कोणी चालू केलंय का ते शोधा. क्लायंटमध्ये 'ॲक्सेप्ट सिंगल व्हॅल्यू ॲज ॲरे' लावून वेळ मारून नेता येते, पण रिकाम्या लिस्टचा नल त्याने सुटत नाही.